चौसष्ट खण

ऑफिसात त्याला सगळे 'जपून' म्हणत. कुणी गरम चहाचा कप उचलला की तो म्हणे, "जपून हं." कुणी जिना उतरू लागलं की, "जपून." एकदा कुणीतरी नुसतंच खिडकीबाहेर पाहत उभं होतं, तेव्हाही ते त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि त्या दिवसापासून त्याचं खरं नाव हजेरीच्या यादीपुरतं उरलं. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं नाव लांबलचक होतं, जोडाक्षरांनी ठासलेलं. शाळेत हजेरी घेताना गुरुजी त्याच्या नावाशी आले की आधी श्वास घेत, आणि वर्ग हसे.

भीती त्याच्या अंगाबरोबरच जन्मली होती, जुळ्या भावासारखी, आणि जुळ्या भावासारखीच त्याच्या ताटात जेवत होती. गॅसचं बटण तो तीनदा बघे. कुलूप लावून निघाला की चार पावलांवरून परत येऊन ओढून बघे. बायको म्हणे, "अहो, कुलपाचा जीव जाईल एक दिवस."

वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. जिन्याखालच्या खोलीत दुकान, तेलाचा वास, भिंतीला टेकून उभी केलेली उघडी यंत्रं. टाइपरायटरला एक लहानशी घंटा असते. ओळ संपत आली की ती वाजते, पुढे चारपाच अक्षरांवर कागद धरणारा गाडा अडतो आणि बटणं दाबली तरी उठत नाहीत. शाळेतून आल्यावर तो तिथल्या स्टुलावर बसे. वडील यंत्र तपासायला खटाखट अक्षरं मारत जात आणि घंटा वाजली की दर वेळी तो दचके.

"अरे, घाबरतोस काय?" वडील म्हणत. "ती बिचारी सांगते, जागा संपत आली, आवर. घंटा मोडलेलं यंत्र मी गिऱ्हाइकाला देत नाही. एक वेळ अक्षर वाकडं चालेल."

त्याला ते पटे, पण ऐकवत नसे. वडील जेवायला उठले की तो बोटाने घंटेची ती इवली काडी मागे सारून ठेवी. मग यंत्र निमूट चाले. ओळ संपे आणि काही वाजत नसे. त्या शांततेत त्याला बरं वाटे.

पुढे तो शिकला, आणि एका लहान कंपनीत लागला. आठ माणसं, पाच टेबलं, एक गळका नळ. ती आठ माणसं मिळून एक प्रोग्रॅमिंगची भाषा बनवत होती, छोट्या यंत्रांसाठी: वजनकाटे, तिकिटं छापणारी यंत्रं, तपासणीच्या लॅबमधली नमुने मोजणारी आणि लेबलं छापणारी यंत्रं. या यंत्रांना मेंदू थोडका असतो. त्यात सगळं काटकसरीने बसवावं लागतं.

त्याच्या वाट्याला मजकूर आला. मजकूर ज्यात ठेवतात त्याला त्या धंद्यात स्ट्रिंग म्हणतात, अक्षरांची ओवलेली माळ. ती माळ यंत्राच्या पोटात खणांच्या एका रांगेत ठेवायची. एक खण म्हणजे एक बाइट. परक्या लिपीत सुटी अक्षरं असतात, त्यांना एकेक खण पुरतो. आपल्या अक्षराला तीन लागतात. वेलांटीला वेगळे तीन, उकाराला वेगळे तीन. 'क्षि' डोळ्याला एक अक्षर दिसतं. यंत्राला ते क, मग पाय मोडल्याची खूण, मग ष, मग वेलांटी असं दिसतं. चार तुकडे, बारा खण.

तर मग कुणी स्ट्रिंगला विचारलं, तुझी लांबी किती, तर तिने काय सांगायचं? एक, चार की बारा? त्याने बारा ठरवलं. खण मोजणं सगळ्यांत झटपट होतं, आणि यंत्रांना घाई होती.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. चौसष्ट खणांची स्ट्रिंग केली आणि तिच्यात नव्वद खणांचा मजकूर ओतला, तर?

यावर त्याचं आणि टेस्टरबाईचं वाजलं. टेस्टरबाई म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम मोडून बघणारी बाई. तिचा आवाज मोठा, चप्पल मोठी, हसणं त्याहून मोठं. ती त्याच्याच वयाची होती आणि त्याला पहिल्या दिवसापासून अरेतुरे करत होती.

"ओरडायला पाहिजे ना तिने," ती म्हणाली. "जागा संपली, मी घेणार नाही, असं तोंडावर सांगायला पाहिजे."

"आणि चालतं यंत्र मध्येच थांबलं तर? समोर रांग लागलेली असते माणसांची."

"लागू दे की."

"थांबलेल्या यंत्राला लोक घाबरतात."

"लोकांचं नाव कशाला घेतोस? तू घाबरतोस."

त्याला जिन्याखालची खोली आठवत होती. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत काय ते ठरवा. त्याने ठरवलं: मावेल तेवढं ठेवायचं, उरलेलं सोडून द्यायचं, कुणाला काही कळवायचं नाही. शेवटचं अक्षर अर्धवट कापलं जात असेल तर तो तुकडाही झाडून टाकायचा. यंत्रांत तसा तुकडा राहिला की पडद्यावर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. ते भेसूर दिसतं. त्याला कापलेली जागा स्वच्छ हवी होती.

टेस्टरबाईने ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सारला. "तुझी स्ट्रिंग तुझ्यावरच गेली रे. मिळेल तेवढं गिळायचं आणि वर मूग गिळून बसायचं."

सगळे हसले. तोही हसला. माहितीपुस्तकात त्याने लिहिलं की चौसष्टच्या स्ट्रिंगमध्ये चौसष्ट अक्षरं बसतात, आणि खाली नमुने दिले. नमुने सगळे परक्या सुट्या अक्षरांतले, कारण किबोर्डावर तेच पटकन उमटत. टेस्टरबाईनेही त्याच अक्षरांत तपासलं, आणि चौसष्टच्या चौसष्ट बसली. त्या खोलीतल्या आठ जणांपैकी एकानेही त्या दिवशी स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत टाइप करून पाहिलं नाही.

याला बावीस वर्षं झाली. भाषा चालली. कधी थांबत नाही म्हणून तिची ख्याती झाली. साहेब नव्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत, "आमची यंत्रं अडत नाहीत." त्याचं लग्न झालं होतं, मुलगी झाली. मुलीचं नाव आईच्याच अक्षरावरून ठेवायचा हट्ट त्याचा. बायको म्हणाली होती, "घरात एका नावाने हाक मारली की दोघी ओ देऊ." तसंच होई. तो नुसतं पहिलं अक्षर उच्चारी आणि दोन खोल्यांतून दोन आवाज येत. हे त्याचं सुख होतं. त्याला सुखाचीही धास्ती वाटे, म्हणून तो ते फार वेळ बघत नसे.

मग बायकोच्या गळ्याशी गाठ लागली.

डॉक्टर म्हणाले, अशा गाठी पुष्कळांना असतात, बहुतेक निरुपद्रवी. मग त्यांनी सोबत आलेल्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तूही ये इकडे." मुलीच्याही गळ्यात होती. लहानशी, बोटाखाली सुपारीएवढी. दोघींचा एकाच दिवशी, एकाच पावतीवर, सुईने नमुना घेतला गेला.

"आईचं सगळंच मला मिळतं," मुलगी घरी येताना म्हणाली. ती एकवीस वर्षांची होती आणि भीतीची थट्टा करायची तिला खोड होती. "नाक, पाठदुखी आणि आता ही. बाबा, तुमच्याकडून काहीच कसं नाही आलं?"

"माझ्याकडून काही न घेतलेलंच बरं," तो म्हणाला.

आठ दिवसांनी दोन पाकिटं आली. मुलीची गाठ साधी होती. बायकोची नव्हती. सोमवारी ऑपरेशन ठरलं. मुलगी न्हाणीघरात जाऊन रडली आणि लाल डोळ्यांनी बाहेर येऊन म्हणाली, साबण गेला. बायको कपाट आवरू लागली. तो तीनदा गॅस बघून आला.

गुरुवारी दुपारी दवाखान्यात न्यायचे कागद तो फायलीत लावत होता. बायको समोर बसून टॉवेलाच्या घड्या करत होती. दोन्ही रिपोर्ट त्याने शेजारी शेजारी ठेवले आणि काठ जुळवले. तेव्हा त्याने पहिल्यांदा नाव नीट वाचलं.

लॅबच्या फॉर्मवर आधी आडनाव, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मग स्वतःचं, अशी रीत होती. बायकोच्या रिपोर्टावर आडनाव होतं, त्याचं नाव होतं, आणि मग एकच अक्षर. मुलीच्या रिपोर्टावर आडनाव होतं, त्याचं नाव होतं, आणि तेच एक अक्षर. पाहणाऱ्याला वाटावं, आद्याक्षर छापलंय. डॉक्टरांना तसंच वाटलं होतं. पाकिटं आल्यापासून घरातल्या तिघांनाही तसंच वाटलं होतं.

त्याने मनात मोजलं. मोजायची गरज नव्हती. सुताराला आपल्या करवतीची चीर ओळखू येते. आडनावाचे चोवीस. रिकामी जागा एक. त्याच्या जोडाक्षरी नावाचे तेहतीस. पुन्हा रिकामी जागा. एकोणसाठ झाले. उरले पाच. एका अक्षराचे तीन, आणि राहिलेल्या दोनात पुढचा कानासुद्धा मावत नाही. झाडून टाकलेला. चीर अगदी स्वच्छ होती.

"काय झालं हो?" बायको म्हणाली. "पांढरे पडलात."

"काही नाही. ऊन आलंय डोळ्यावर."

ऊन दुसऱ्या खिडकीत होतं. तिने तिकडे पाहिलं आणि पुढच्या टॉवेलाची घडी घातली.

त्याला पुढचं सगळं आपोआप दिसत गेलं, जिना उतरताना पुढची पायरी दिसते तसं. पावती एक, म्हणजे नंबर एक. एका नंबराखाली दोन माणसं असली की यंत्र त्यांना नावावरून वेगळं करणार. यंत्र दोन स्ट्रिंगना शेजारी उभं करून विचारतं, तुम्ही सारख्या का? आणि त्या चौसष्ट खणांत त्याची बायको आणि त्याची मुलगी सारख्या होत्या. वय, तारीख कागदाच्या माथ्यावर बरोबर छापलेलं होतं. पण निकाल कागदाच्या पोटात होता, आणि तो यंत्राने नावावरून शोधून आणला होता. कुणाच्या पोटात कुणाचा निकाल गेला हे त्या यंत्रालाही ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा जो हाताला लागला तो पहिल्या कागदाला, उरला तो दुसऱ्याला.

म्हणजे सोमवारी जिचा गळा उघडणार होते तिला कदाचित काहीच झालेलं नव्हतं. आणि कागदावर जिला काही झालेलं नव्हतं ती आतल्या खोलीत फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "माझं वाचलं गं, आईचं बघ ना."

त्या रात्री तो झोपला की नाही हे त्यालाही सांगता आलं नसतं. सकाळी दात घासताना त्याला कळलं की आपण काहीतरी मागतो आहोत, आणि काय मागतो आहोत हे कळल्यावर त्याने आरशावर पाणी मारलं. तो मागत होता की रिपोर्ट बरोबर असू दे. म्हणजे बायकोलाच असू दे. उलट मागायचं तर मुलीला. तिसरं काही मागायला जागाच नव्हती.

आणि एक मागणं त्याहून खाली होतं, तळाला बसलेलं. काही न बोलण्याचं. सोमवार येईल, जाईल. डॉक्टर गाठ काढतील. ती चांगली निघाली तर म्हणतील, नशीब. मुलीची वाढेल तेव्हा वाढेल. कुणाला कळणार आहे? अळीमिळी गुपचिळी. बावीस वर्षं हेच तर चालत आलं होतं.

शुक्रवारी ऑफिसात तो कुणाशी न बोलता टेबलाशी गेला. जुनं लेबलाचं यंत्र फडताळात होतं, ते काढून जोडलं. चौसष्टची एक स्ट्रिंग केली, तिच्यात बायकोचं पूर्ण नाव घातलं. दुसरी केली, तिच्यात मुलीचं. मग विचारलं, सारख्या?

यंत्राने लगेच उत्तर दिलं: हो.

त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. कुलूप ओढून बघावं तसं.

"कुणाची नावं आहेत ही?" मागून टेस्टरबाई म्हणाली. तिचे केस आता पिकले होते, पण आवाज तसाच होता. "आडनाव तर तुझं दिसतंय."

त्याने सांगितलं. हळू, खाली बघत, पाचसहा वाक्यांत. तिचं मोठं हसणं कुठे गेलं कुणास ठाऊक. ती त्याच्या टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली.

"घरी सांगितलंस?"

"नाही."

"लॅबला?"

"नाही. कसं सांगू? लोक म्हणतील..."

"लोकांना घाल चुलीत. आज शुक्रवार आहे, जपून." मग पहिल्यांदाच तिने त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, सगळ्या जोडाक्षरांसकट. "तपासणारी मी होते. मी एकदासुद्धा हे नाव टाकून पाहिलं नाही. माझं पाप तुझ्याहून कमी नाही. पण तोंड तुलाच उघडावं लागेल. ऊठ."

घरी बायको एकटीच होती. दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. त्याने तिला खाली बसायला सांगितलं आणि स्वतः उभाच राहिला. लहानपणी वर्गात वाचायला उभा राहिला की अडखळे, तसा तीन ठिकाणी अडखळला. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "तिला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. चला."

"कुठे?"

"लॅबमध्ये. आणखी कुठे? चप्पल घाला. कुलूप मी लावते, तुम्ही लावलंत तर संध्याकाळ होईल."

लॅबचा जिना अरुंद होता. वर काचेची खिडकी, आत पांढरे कोट, स्पिरिटचा वास. खिडकीशी बसलेली मुलगी म्हणाली, रिपोर्ट दिलेला आहे, आता काय? त्याने बोलायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. मागच्या माणसाने "आटपा हो" म्हटलं. बायकोने त्याच्या पाठीला हात लावला. ढकलला नाही, नुसता लावला.

"तुमच्या यंत्रातली भाषा मी बनवली आहे," तो म्हणाला. "तिच्यात चूक आहे. ती माझी आहे. दोन रिपोर्टांची अदलाबदल झाली असेल. मला नमुन्यांच्या काचा बघायच्या आहेत."

हे त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं होतं की आतले दोन पांढरे कोट वळले. त्यातली एक तंत्रज्ञबाई बाहेर आली. सडसडीत, कानाला पेन्सिल अडकवलेली. तिने दोन्ही कागद हातात घेतले, नावं वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचाही चेहरा उतरला.

"नंबर एकच," ती म्हणाली. "काचेवरचं लेबलही मशीनच छापतं. म्हणजे तिथेही हेच असणार."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या काचांवर नमुना पसरलेला असतो त्यांच्यावरही त्याचीच स्ट्रिंग चिकटवलेली होती. दोन काचा, एक नाव. आता विचारायचं कुणाला?

"थांबा," तंत्रज्ञबाई म्हणाली. "लेबल मागून लागतं. सुई काढली की आधी काचेच्या खरखरीत टोकाला आम्ही पेन्सिलीने नाव लिहितो. सगळ्याच लॅबमध्ये नाही लिहीत आता. आमच्या जुन्या बाईंनी हात मोडेपर्यंत लिहायला लावलं होतं. म्हणायच्या, मशीनला लाज नसते, पेन्सिलीला असते. लेबल त्याच्यावरच चिकटलेलं असेल. सोडवून बघावं लागेल. बसा."

ते बाकावर बसले. समोर भिंतीवर शरीरातल्या ग्रंथींचं चित्र होतं, रंग उडालेलं. त्याने बायकोच्या गळ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"तुम्ही काय धरलंत मनात?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"उगीच वेड पांघरू नका. मी धरलं, माझंच असू दे. रिपोर्ट बरोबर असू दे. तुम्ही?"

खरं उत्तर तेच होतं. पण ती म्हणाली तर ते देणं होतं, आणि त्याने म्हटलं तर ते घेणं होतं. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "कळलं," ती म्हणाली. "बरोबर धरलंत."

त्या बाकावर तो किती वेळ बसला होता याचा हिशेब लागला नाही. आत कुणीतरी नळ सोडला, बंद केला. काच काचेवर ठेवल्याचा आवाज आला. दर आवाजाला तो दाराकडे बघे. मग दार उघडलं. तंत्रज्ञबाईच्या हातात दोन काचा होत्या आणि मागे सूक्ष्मदर्शकावरचे डॉक्टर. काचेच्या टोकाला लेबलाचा डिंक अजून ओला होता, आणि त्याखाली शिसपेन्सिलीत, घाईने लिहिलेलं, एकावर बायकोचं नाव होतं. पूर्ण. शेवटच्या वेलांटीसकट. दुसऱ्यावर मुलीचं.

"दोन्ही पुन्हा बघितल्या," डॉक्टर म्हणाले. "रिपोर्ट बरोबर आहे."

बायकोने सुस्कारा टाकला, आणि ती हसली. आपल्याला रोग आहे हे ऐकून माणूस असं हसू शकतं, हे त्याला माहीत नव्हतं. 'बरोबर आहे' हे दोन शब्द त्याने आयुष्यभर ऐकायची धडपड केली होती, आणि आता ते ऐकून तो बाकाचा दांडा धरून बसला होता. नाणं वर उडालं होतं आणि त्यांच्या बाजूने पडलं होतं, इतकंच. त्याचं यंत्र त्यात बरोबर नव्हतं.

"आणि बाकीचे?" तंत्रज्ञबाई हळूच म्हणाली. ती त्याला विचारत नव्हती, काचांनी भरलेल्या कपाटाकडे बघून म्हणत होती. "एका पावतीवर येतात ते?"

शनिवारी त्याने आणि टेस्टरबाईने मिळून स्ट्रिंग बदलली. खण मोजायचं आता यंत्राच्या पोटापुरतं राहिलं. माणसाने लांबी विचारली की माणसाच्या डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजून सांगायची. आणि जागा संपली तर थांबायचं. काही कापायचं नाही, काही झाडायचं नाही, पुढे जायचं नाही. जुन्या यंत्रांतली नावंही, चालू होताच, एकेक करून तपासायची, आणि चौसष्टच्या काठाला टेकलेलं नाव सापडलं की तिथेच अडायचं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, यंत्रं धडाधड बंद पडतील. आपलं नाव काय राहील?"

"पडू देत," तो म्हणाला. "नावं पूर्ण लागतात, साहेब."

टेस्टरबाईने खिडकीकडे तोंड केलं. बहुधा डोळे पुसत होती. विचारलं असतं तर म्हणाली असती, कचरा गेला.

सोमवारी ऑपरेशन झालं. बायकोच्या गळ्याला पट्टी, आवाज चार दिवस बंद. ती पाटीवर लिहून बोले. पहिलं तिने लिहिलं, 'गॅस बघितलात?' मुलीला त्याने सगळं सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदाच थट्टा करू शकली नाही. नुसती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहत राहिली.

बदललेली स्ट्रिंग बुधवारी सकाळी सगळ्या यंत्रांवर गेली. तो लवकर येऊन टेबलाशी बसला. टेस्टरबाई समोर. दोघांच्या मध्ये फोन. नळ गळत होता. दहा वाजले, सव्वादहा झाले. जिन्याखालच्या खोलीत स्टुलावर बसून, वडिलांची बोटं ओळीच्या शेवटाकडे जाताना पाहत असे, तसा तो फोनकडे पाहत होता.

दहा वीसला घंटा वाजली.

तो दचकला. त्याने फोन उचलला. दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या लॅबमधून एक माणूस वैतागून बोलत होता. "अहो, तुमचं मशीन बंद पडलंय. एका नावावर अडून बसलंय, पुढेच जाईना. बाहेर रांग लागलीय."

"नाव सांगा," तो म्हणाला. "पूर्ण. सावकाश."

माणसाने फॉर्म काढून नाव वाचलं. त्याने कागदावर लिहून घेतलं, शेवटपर्यंत, आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरांमध्ये चौसष्टाव्या खणाशी एक उभी रेघ मारली. रेघेच्या पलीकडे एका माणसाचं सगळं स्वतःचं नाव होतं.

"आता एक करा," तो म्हणाला. "रेघेच्या... म्हणजे, त्याच आडनावाचं, त्याच वडिलांचं, त्याच पावतीवर आणखी कुणी आलं होतं का, बघा."

"आत्ता? अहो, इथे लोक..."

"आत्ता. जपून बघा."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कागद चाळल्याचा आवाज. कुणीतरी कुणालातरी विचारत होतं. तो ऐकत राहिला. समोर टेस्टरबाईच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजू लागला, आणि मग आतल्या खोलीतला साहेबांचा.

माणूस परत आला तेव्हा त्याच्या आवाजातला वैताग गेला होता.

"आहेत हो," तो म्हणाला. "तिघं भाऊ आहेत."